जायबंदी खेळाडूंची यादी

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूला पाय लागण्याचे प्रसंग थोडेच. लंबगोल चेंडू छातीशी धरून धावावयाचे आणि धावणाऱ्यास प्रतिपक्षाने झेप घालून भुईवर पाडावयाचे, असा तो खेळ. शिरस्त्राणे व खांद्यांवरील कवचे असूनही दर आठवड्यास कोणी ना कोणी जायबंदी होतोच. म्हणून कोणास काय दुखापत झाली आहे आणि तो खेळू शकेल की नाही, हे प्रत्येक संघाने सामन्यापूर्वी जाहीर केले पाहिजे, असा नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक संघांच्या मंडळाचा दंडक आहे. खेळाडूंच्या काळजीपोटी तो घातला असावा असे कोणासही वाटेल. त्याचा उगम मात्र जुगारात आहे.

१५ डिसेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्क जायंट्स व शिकागो बेअर्स या संघांत अजिंक्यपदाचा सामना झाला. त्याच्या तोंडावर जायंट्सच्या दोघा खेळाडूंना एका जुगाऱ्याने लाच देऊ केल्याचे उघडकीस आले. मर्ल हेप्सने ते मान्य केले; त्यास खेळू दिले नाही. फ्रँक फिल्चॉकने कानांवर हात ठेवले, तो खेळला. बेअर्स २४-१४ असे जिंकले आणि पुढे दोघांनाही, लाचेची वार्ता वेळीच कळविली नाही म्हणून, खेळातून दूर करण्यात आले. लगेच १९४७ साली मंडळाचे प्रमुख बर्ट बेल यांनी दुखापतींची यादी सक्तीची केली. त्यांचा हिशेब व्यवहारी होता. नामांकित खेळाडूचा गुडघा सुजला आहे ही बातमी चारच माणसांना ठाऊक असेल, तर तिला बाजारात भाव येतो आणि त्या चौघांपैकी एखादा विकत घेता येतो. तीच सर्वांस सांगून टाकली की तिची किंमत उरत नाही.

परंतु खरे सांगण्याची सक्ती झाली, तरी पुरते सांगण्याची सक्ती करणे कठीण. ‘खेळण्याचा बहुधा संभव’ असा एक वर्ग यादीत असे. न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी उजव्या खांद्याच्या नावाखाली त्या वर्गात वर्षानुवर्षे झळकत राहिला आणि बहुतेक प्रत्येक सामना खेळला. जेथे सारेच किंचित जायबंदी, तेथे खरा जायबंदी ओळखावा कसा? २०१६ साली मंडळाने तो वर्गच काढून टाकला. उलट प्रकारही घडला. २००८ साली न्यूयॉर्क जेट्स संघाने पहिल्या ११ सामन्यांपैकी ८ जिंकले आणि अखेरच्या ५ पैकी ४ गमावले. त्यांच्या ब्रेट फार्व्हच्या चेंडू फेकणाऱ्या हाताचा दंडाचा स्नायू फाटला होता. यादीत त्याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या वर्षी फार्व्हनेच हे बोलून दाखविले, तेव्हा संघ व त्याचे चालक यांना मिळून १,२५,००० डॉलर दंड झाला.

२०१८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील पैजांची वाट राज्यांना मोकळी करून दिली. आता मंडळाचेच पैजा घेणाऱ्या कंपन्यांशी करार आहेत. साहजिकच गुडघे व घोटे यांच्याविषयीच्या सत्याची राखण पूर्वीपेक्षा अधिक डोळसपणे होते.

डोक्याची गोष्ट निराळी. फाटलेला स्नायू यंत्राच्या चित्रात दिसतो. मेंदूला बसलेला हादरा पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टरास खेळाडूच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि बहुतेकांच्या करारातील पुढील वर्षांचे वेतन हमीचे नसल्याने तो शब्द ‘मी ठीक आहे’ असाच असण्याचा संभव फार. पैज लावणाऱ्यास फसविले तर दंड होतो. स्वतःस फसविणाऱ्याची मात्र वाहवा होते.

२५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीच्या टुआ टागोवाइलोआचे डोके जमिनीवर आपटले. उठून तो अडखळला, हे लाखो लोकांनी पाहिले. संघाने प्रथम डोक्याची दुखापत असे कळविले, मग पाठीची. आणि उत्तरार्धात तो पुन्हा खेळला. पुढच्या सामन्याच्या यादीत त्याच्या नावापुढे पाठ व घोटा एवढेच होते. चार दिवसांनी सिनसिनाटी येथे तो पुन्हा आपटला. हातांची बोटे ताठरली व त्यास फळीवर घालून नेण्यात आले. चौकशीत लेखी नियम पाळले गेल्याचे आढळले, परंतु नियमांचा हेतू साधला नव्हता. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी नियम बदलला. तेव्हापासून मैदानावर ज्याचा तोल जातो वा बोलणे अडखळते, त्यास त्या दिवशी परत खेळता येत नाही. त्याचे कारण तो पाठ सांगो की घोटा.