टपावरच्या तंबूतली झोप: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीच्या टपावर उघडणारे तंबू इटलीत 1950च्या दशकाच्या अखेरीपासून विकले जात आहेत. आपल्याकडे ते अलीकडे रुळू लागले आणि आता थार, जिम्नी, फॉर्च्युनर अशा गाड्यांवर स्पिती-लडाखपासून भंडारदऱ्यापर्यंत दिसतात. तंबू घेतल्यावर पहिल्या सहलीनंतरची तक्रार मात्र बहुतेकांची एकच असते: पाठ अवघडली, गादी पातळ आहे. उपायही ठरलेला, आणखी दोन-तीन इंच फोम टाका. फोमवाल्याकडे धाव घेण्याआधी जरा थांबावं, असं मला वाटतं. या तंबूतली झोप मोडते ती बहुतेक वेळा गादीखाली जमणाऱ्या ओलीमुळे, खालून येणाऱ्या गारव्यामुळे आणि गाडी तिरकी उभी असल्यामुळे. जाडीचा प्रश्न खोटा नाही, पण तो या तिघांच्या मागे उभा आहे.

तरी जाडीपासूनच सुरुवात करू, कारण पैसे तिथेच जास्त वाया जातात. तंबूबरोबर येणारी गादी साधारण 5 ते 7 सेंटिमीटरची असते, कारण तंबू मिटताना तिलाही आत मावायचं असतं. ‘आम्ही 40 डेन्सिटीचा फोम टाकला, तरी पाठ दुखतेच’ असं लोक सांगतात, तेव्हा घोळ डेन्सिटी या आकड्याच्या समजुतीत असतो. 40 डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 40 किलो. त्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो टणक आहे की मऊ, हे त्यावरून कळत नाही. टणकपणाचं माप वेगळं असतं आणि एकाच डेन्सिटीत मऊ व कडक असे दोन्ही फोम मिळतात. तपासायची रीत सोपी आहे. कुशीवर झोपावं आणि जोडीदाराला खुब्याखाली, गादी आणि फळी यांच्या मध्ये, हात सरकवायला सांगावा. हाताला हाड टोचलं तर फोम तळाला टेकला आहे आणि तिथे खरोखरच भर हवी. उताणं झोपणाऱ्यांना ती गरज सहसा भासत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांना आणि वजनदार माणसांना भासते. मग तीन-चार सेंटिमीटरचा थोडा कडक थर पुरतो. तो तंबूच्या घडीवर कापून दोन तुकड्यांत ठेवावा, आणि विकत घेण्याआधी तेवढ्या जाडीच्या चादरी आत ठेवून तंबू मिटून पाहावा. कडक कवचाच्या तंबूत झाकण दाबून लावलं तर कड्या आणि बिजागऱ्यांवर रोज ताण येतो. वजनही धरायला हवं. दोघांच्या तंबूत 5 सेंटिमीटरचा 40 डेन्सिटीचा थर सव्वापाच किलोच्या आसपास भरतो. गाडीच्या पुस्तिकेत टपावर चालत्या गाडीत किती वजन चालतं ते दिलेलं असतं. तंबू, कॅरियर आणि हा थर, सगळं त्या आकड्यात बसलं पाहिजे. रात्री उभ्या गाडीवर झोपलेल्या माणसांचं वजन त्यात धरत नाहीत, कारण स्थिर टप त्याहून बराच जास्त भार पेलतो.

आता ओल. सकाळी गादीचा कोपरा उचलला की खालची फळी घामेजलेली दिसते, फोमच्या कापडावर गोलसर डाग असतात, आणि माणूस समजतो की तंबू गळतो. मग गादीखाली प्लॅस्टिक किंवा चकचकीत फॉइल अंथरलं जातं. इथे रोगाचं निदानच चुकलेलं असतं. हे पाणी आपलंच आहे. प्रौढ माणसाच्या शरीरातून श्वास आणि त्वचेवाटे, घाम न येताही, दिवसाला साधारण 800 मिलिलिटर पाणी जातं. म्हणजे आठ तासांच्या झोपेत दोघांचं मिळून अर्धा लिटर. त्यातली काही वाफ फोममधून खाली झिरपते आणि पातळ प्लायवूड किंवा अॅल्युमिनियमच्या गार तळावर थबकते. अंथरुणातली हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 50 टक्के धरली, तर सुमारे 18 अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती वाफ पाणी होऊन बसते. डिसेंबरात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रात्रीचा पारा सहज याच्या खाली जातो, तेव्हा हा फक्त लडाखचा प्रश्न नाही. प्लॅस्टिक घातलं की पाणी फळीऐवजी प्लॅस्टिकवर जमतं आणि गादी खालून भिजतच राहते. उपाय आहे तो हवा खेळवण्याचा: तळ आणि गादी यांच्यामध्ये सेंटिमीटरभर उंचीची, ताठ जाळीदार चटई. तिच्या पोकळीतून वाफ कडेला निघून जाते. थोडंफार दव पडलंच, तरी ते जाळीखाली राहतं, फोमला लागत नाही. याच्या जोडीला सकाळी चहा उकळेपर्यंत गादी कडेवर उभी करून ठेवावी, आणि घरी आल्यावर तंबू एकदा उघडून वाळवावा. ओली गादी पंधरा दिवस बंद कवचात राहिली तर काळी बुरशी धरते, आणि ती कापडातून पुरती जात नाही.

ओलीचं सख्खं भावंड म्हणजे गारवा. जमिनीपासून वर गेलो की थंडी कमी लागते, हा समज अर्धाच खरा आहे. गार दगडमातीचा स्पर्श टळतो, पण तंबूच्या तळाखालून वारा वाहतो आणि तो तळाची ऊब सतत पळवत राहतो. फोम ऊब धरतो ती त्यात अडकलेल्या हवेमुळे. खुबा आणि खांदा जिथे रुततात तिथे ती हवाच पिळून निघते, म्हणून थंडी नेमकी त्याच जागी बोचते. स्लीपिंग बॅगचंही तेच. तिचा पाठीखालचा भाग दबला की जवळजवळ निकामी होतो, आणि वरून आणखी एक रजई घेतल्याने पाठ गरम होत नाही. ट्रेकर वापरतात ती बंद पेशींच्या फोमची घडीची मॅट दाबाखाली चपटत नाही. कडाक्याच्या थंडीत ती जाळीवर, गादीच्या खाली घालावी. गादीच्या वर आपली घोंगडी उत्तम. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही, आणि फोमला ते जमत नाही. सोलापूर-सांगलीकडची जाड घोंगडी अंगाला टोचते हे खरं. तिच्यावर सुती चादर अंथरली की प्रश्न मिटतो.

महाग म्हणजे आरामदायी, हा समज मेमरी फोमच्या बाबतीत विशेष नडतो. नासासाठी 1966 साली विमानांच्या आसनांकरता विकसित झालेला हा फोम शरीराच्या उबेने मऊ होतो, आणि थंडीत तितकाच कडक होतो. गोव्याच्या किनाऱ्यावर जो सुखावतो, तोच शून्याखाली फळीसारखा लागतो आणि अंग टेकल्यावर बराच वेळ तसाच राहतो. हवेच्या गादीचा दोष वेगळा. आत अस्तर नसेल तर तिच्यातली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली पोहोचवते. संध्याकाळी 30 अंशांना भरलेली गादी पहाटे 10 अंशांना ढिली पडते ती भोक पडल्यामुळे असेलच असं नाही. तेवढ्या तापमानाच्या फरकाने आतल्या हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो.

उताराकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात. गाडी डोळ्यांना सपाट वाटते आणि रात्रभर माणूस जोडीदाराच्या अंगावर घरंगळत राहतो, स्नायू झोपेतही आवळलेले राहतात, सकाळी दोष गादीचा. तीन अंशांचा उतार दोन मीटर लांबीच्या गादीवर दोन टोकांत 10 सेंटिमीटरचा फरक पाडतो. फोनमधलं लेव्हलचं अॅप गादीवर ठेवून आडवं-उभं पाहावं आणि चाकाखाली लाकडी फळी किंवा रॅम्प घालून गाडी सपाट करावी. हँडब्रेक, गिअर आणि चाकामागे अडसर हे ओघाने आलंच. अगदीच नाही जमलं तर डोकं चढाकडे ठेवावं. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या तंबूत आणखी एक गोष्ट असते. त्याचा अर्धा भाग गाडीबाहेर तरंगतो आणि शिडीवर टेकतो. शिडी एक खाच आखूड राहिली किंवा मऊ मातीत रुतली, की तो अर्धा भाग खाली कलतो आणि बिजागरीपाशी गादीला खाच पडते. लोक त्या खाचेवर उशा टाकतात. शिडीखाली एक सपाट फळी सरकवली असती तर काम झालं असतं.

यावर कुणी म्हणेल, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत नुसत्या चटईवर पिढ्यान्‌पिढ्या लोक झोपले, इतके चोचले कशाला? गुहेतून उठलेला माणूस चालत गड उतरतो. टपावर झोपलेला माणूस सकाळी स्टिअरिंगवर बसतो, आणि कुंझुम खिंडीच्या वळणांवर अर्धवट झोपेत गाडी चालवणं सोबतच्या सगळ्यांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हा विषय मला चैनीचा वाटत नाही. त्याच कळकळीने सांगतो: ऊब हवी म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट बंद करू नयेत, त्याने आतली ओल वाढते; समोरासमोरच्या दोन खिडक्या वरून चार बोटं उघड्या असाव्यात. आणि शेगडी किंवा निखारे तंबूत कधीच नेऊ नयेत, खिडकी उघडी असली तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

एवढं सगळं जुळवूनही लेहमध्ये, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर, झोप लागत नाही असं होतं, आणि तेव्हा खरोखर गादीचा काही संबंध नसतो. विरळ हवेत झोपेतला श्वास अनियमित होतो. तो काही क्षण थांबतो, मग खोल येतो, आणि माणूस दचकून जागा होतो. मैदानातून थेट पोहोचलेल्यांना हे सर्रास होतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हे डॉक्टरांचं मार्गदर्शन तंबूवाल्यांनाही लागू आहे. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं सुरू झालं, तर तंबू मिटत बसू नये. रात्र असली तरी तसंच खाली उतरावं.