साठलेले, वाजलेले आणि ऐकलेले

डॉ. अ. मा. घाटगे यांच्या कुडाळी बोलीवरील ग्रंथात (१९६५) अभ्यासकासमोर बोलीचे छापील रूप होते. आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींच्या सर्वेक्षणात जमविलेली ध्वनिमुद्रणे महाजालावर प्रत्यक्ष ऐकावयास मिळतात. तेव्हा लिप्यंतर करणाऱ्याने मूळ मुद्रण नेमके किती ऐकले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ब्राउझरच्या नोंदींवरून त्याचे उत्तर मिळते काय, हे पाहणे उद्बोधक होईल.

२०१४ साली प्रमाणित झालेल्या एचटीएमएल-५ मध्ये ध्वनी व चित्रफितींसाठी दोन भिन्न नोंदींची सोय आहे. जालावरून येऊन साठलेल्या भागास ‘बफर्ड’ आणि प्रत्यक्ष वाजलेल्या भागास ‘प्लेड’ अशी संज्ञा आहे. यांतील कोणतीही नोंद म्हणजे एकच संख्या नव्हे. आरंभ व अंत यांनी सीमित झालेल्या कालखंडांची ती यादी होय.

यादीच का, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. शाहूपुरीतील आपल्या खोलीत एखादा विद्यार्थी ६०० सेकंदांचे मुद्रण ऐकत आहे, असे समजू. पहिले ९० सेकंद वाजल्यावर तो ३००व्या सेकंदावर उडी घेतो व ३६०व्या सेकंदास थांबतो. पट्टीवरील खूण साठ टक्के अंतर दाखविते. वाजलेल्या खंडांची बेरीज मात्र १५० सेकंद, म्हणजे एकचतुर्थांशच भरते. त्याच वेळी साठलेले खंड ० ते १५० आणि ३०० ते ४२० असे असू शकतात. केवळ शेवटच्या खंडाचा अंत पाहून पट्टी रंगविल्यास मधली पोकळीही भरलेली भासेल.

तथापि ‘प्लेड’ या नोंदीसही मर्यादा आहेत. परस्परांवर येणारे खंड तीत एकरूप होतात. एखाद्या स्वराचे अनुनासिकत्व ठरविण्यासाठी तेच वाक्य दहा वेळा वाजविले, तरी नोंद एकदाच उरते. आवाज बंद ठेवून वाजविलेला भागही तीत गणला जातो. शिवाय पृष्ठ पुन्हा उघडताच आधीची नोंद नाहीशी होते.

सारांश, साठलेले ते वाजलेले नव्हे आणि वाजलेले ते ऐकलेले नव्हे. म्हणून बोलींच्या अभ्यासात प्रत्येक वादनाचा आरंभ व अंत स्वतंत्रपणे टिपून तो लिप्यंतरासोबत जतन करणे इष्ट होय. न वाजलेला भाग त्यावरून निश्चित कळेल. ऐकल्याची साक्ष मात्र अखेर लिप्यंतरानेच दिली पाहिजे.