फुकट खेळाची खरी किंमत

सप्टेंबर २०२०मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हा अद्भुतरम्य ऑनलाइन खेळ फुकट आहे. त्याची मूळ कथा आणि विस्तीर्ण प्रदेश पैसे न भरता अनुभवता येतात. हिर्डोशीसारख्या डोंगरी गावातल्या मुलालाही हे जग खुले होऊ शकते, ही मोठी जमेची बाजू. अर्थात त्यासाठी लागणारा दमदार फोन आणि कित्येक जीबी डेटा फुकट नसतो. खरी मेख नवी पात्रे मिळवण्याच्या सोडतीत आहे. पंचतारांकित पात्र लागण्याची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के, नव्वदाव्या खेपेपर्यंत ते हमखास मिळते, पण हवे तेच असेल असे नाही. ‘पैसे भरायची सक्ती कुठे आहे?’ हा आक्षेप रास्त, तरी अपुरा: ठरावीक मुदतीची पात्रे घाई लावतात आणि एकूण खर्च आधी कळत नाही. म्हणून खेळ जरूर खेळावा. फक्त सोडतीसाठी खिशात हात घालू नये.