कुत्री विण्यापूर्वींची तयारी

खडकी हा मुळेच्या कांठचा छावणीचा गांव. तेथें आज शेतें थोडीं व घरें फार. तथापि गोठ्याची व अंगणाची राखण करणारी कुत्री अद्यापि पुष्कळांच्या दारीं असते. गाय विण्याच्या बेतांत आली म्हणजे घरचीं माणसें रात्रभर जागतात. कुत्रीची मात्र, ती आपली आपण विते, असें म्हणून कोणी वास्तपुस्त करीत नाहीं. बहुधा ती तशी वितेही. परंतु जेथें ती अडते, तेथें चार तासांच्या हयगयीनें आई व पिलें दोन्हीं हातचीं जातात.

कुत्रीचा गाभणकाळ सरासरी ६३ दिवसांचा होय. संयोगाचा दिवस लिहून ठेवावा व ५७ व्या दिवसापासून सावध राहावें. या मोजणींत पांच-सहा दिवसांचा फरक पडूं शकतो, म्हणून लक्षणांकडे पाहणें अवश्य आहे. सड भरून येतात, भूक मंदावते, कुत्री कोपऱ्यांत जाऊन जमीन उकरते व धापा टाकते. सर्वांत भरंवशाची खूण उष्णमानाची. निरोगी कुत्रीचें उष्णमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असतें. शेवटच्या आठवड्यांत तें सकाळ-संध्याकाळ गुदद्वारांत थर्मामीटर ठेवून पाहावें. तें ९९ अंशांखालीं उतरलें, कीं बहुधा चोवीस तासांच्या आंत कळा लागतात.

आठवडाभर आधींच एकांताच्या जागीं लांकडी खोकें ठेवून कुत्रीस त्याची संवय करावी. तळाशीं कागद व वर धुतलेलें जुनें कापड घालावें. गोणपाट नको, त्याचे धागे पिलांच्या पायांस गुरफटतात. पौष-माघांत पुण्याकडे पहांटेचें उष्णमान ५० अंशांच्या आसपास येतें, आणि नव्या पिलांस आपल्या अंगीं ऊब राखतां येत नाहीं. म्हणून खोक्याच्या एकाच बाजूस दिव्याची ऊब द्यावी, म्हणजे आईस दुसऱ्या बाजूस सरतां येतें. स्वच्छ फडकीं, दोरा व उकळलेली कात्री जवळ असावी.

पिलूं पिशवींत जन्मतें व आई ती चाटून फोडते. तिनें फोडली नाहीं तर आपण तत्काळ फाडावी, पिलाचें नाक-तोंड पुसावें व त्यास कोरड्या फडक्यानें चोळावें. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर बांधून पलीकडे कापावी.

पुढील गोष्टी धोक्याच्या समजाव्या: जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलूं न येणें, पोटांत पिलें असतां दोन तासांहून अधिक खंड पडणें, पहिल्या पिलापूर्वींच हिरवट स्राव होणें, उष्णमान उतरून चोवीस तास लोटले तरी कळा न लागणें. अशा वेळीं ओढाताण करूं नये, व कळांचें इंजेक्शन आपल्या मतानें देऊं नये. अडलेल्या पिलावर जोर पडून गर्भाशय फाटण्याची भीति असते. पशुवैद्यास गांठावें. खडकीकरांस औंध येथें सरकारी पशुचिकित्सालय आहे. इतरांनीं आपल्या तालुक्याचा दवाखाना पाहावा. रात्रीं कोण भेटेल याची चौकशी मात्र आधींच करून ठेवावी.

व्याल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत कुत्री थरथरूं लागली किंवा तिचे पाय ताठले, तर रक्तांतील चुना घटला असें समजून तिला त्याच क्षणीं वैद्याकडे न्यावें. जी वर्षभर आपलें दार राखते, तिच्यासाठीं एक रात्र जागणें जड वाटूं नये.