दूरस्थ अध्यापन आणि शिक्षकाचे टाचण : वर्गभाषेच्या दृष्टीने एक विचार

शालेय व्यवहारात 'टाचण' हा शब्द चांगलाच रूढ आहे. उद्या वर्गात काय शिकवावयाचे, कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी, याची जी संक्षिप्त लेखी सिद्धता शिक्षक करतो ती टाचण होय. टाचणाचे तोंड पुढच्या दिवसाकडे असते. पाठ झाल्यावर त्याच वहीत कधी एखादी ओळ पडते : 'पाठ पूर्ण झाला', 'उरलेली उदाहरणे उद्या'. ही मागे पाहणारी ओळ बहुधा औपचारिक असते व तीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु २०२० व २०२१ या दोन वर्षांत, शाळेची खोली आणि फळा दोन्ही दूर राहिल्यावर, या ओळीचे स्वरूप बदलण्यास कारण घडले. ते कारण केवळ तांत्रिक नव्हते. वर्गात भाषा जे काम करीत असते त्याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. त्या संबंधाचे विवेचन येथे करावयाचे आहे.

१. पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. मार्चच्या मध्यास शहरांतील शाळा बंद झाल्या व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. जून २०२० मध्ये नवे शैक्षणिक वर्ष आले ते वर्ग न भरताच. शहरांतील आठवी ते बारावीचे आणि ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग राज्यात पुन्हा उघडण्यास ४ ऑक्टोबर २०२१ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्यानंतरही जानेवारी २०२२ मध्ये खंड पडलाच.

या काळातील दूरस्थ अध्यापनाचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला प्रकार एकमार्गी. पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' या नावाने दैनिक अभ्यासमाला पाठविली. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखविली गेली. या प्रकारास पूर्वपरंपरा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवरून सुरू झाला होता व पुणे विद्यापीठाच्या शैक्षणिक माध्यम केंद्राने त्यासाठी कार्यक्रम तयार केले होते. एकमार्गी पाठात उत्तराची अपेक्षाच नसते. म्हणून उत्तर न आल्याने तेथे काही बिघडत नाही.

दुसरा प्रकार द्विमार्गी : झूम, गूगल मीट यांसारख्या साधनांवर भरणारा तास. हा तास वर्गासारखा दिसतो, त्यात प्रश्न विचारले जातात, हजेरीही घेतली जाते. येथे उत्तराची अपेक्षा असते, आणि म्हणूनच उत्तर न येणे हा प्रश्न बनतो.

२. शिकणे आणि शिकवणे

मराठी व्याकरणात 'शिकवणे' हे 'शिकणे' या धातूचे प्रयोजक रूप मानले जाते. 'बसणे : बसवणे', 'हसणे : हसवणे' या जोड्या त्याच घडणीच्या आहेत. परंतु अर्थाच्या दृष्टीने त्यांत एक भेद आहे. 'त्याने मुलाला खुर्चीवर बसवले, पण मुलगा बसला नाही' हे वाक्य मराठी कानास खटकते. बसवण्याची क्रिया बसण्याने पुरी होते. 'बाईंनी अपूर्णांक शिकवले, पण मुले शिकली नाहीत' या वाक्यात मात्र कोणतीही विसंगती भासत नाही. म्हणजे रूप प्रयोजकाचे असूनही 'शिकवणे' या क्रियापदात फळाची हमी नाही. शिक्षकाची क्रिया आणि विद्यार्थ्याची क्रिया यांच्यामध्ये अंतर राहू शकते, हे भाषेने पूर्वीच मान्य केले आहे.

प्रत्यक्ष वर्गात हे अंतर शिक्षक क्षणोक्षणी अजमावीत असतो. कपाळावरची आठी, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, खडूचा आवाज थांबल्यावर पसरणारी कुजबुज, ही सर्व त्याची प्रमाणे असतात. पडद्यावर नावांच्या चौकटी तेवढ्या उरल्या की ही प्रमाणे नाहीशी होतात. 'पाठ पूर्ण झाला' हे वाक्य तेव्हाही खरेच असते. परंतु ते अकर्तृक वाक्य आहे. कोणाचा पाठ, कोणापुरता पूर्ण झाला, याविषयी ते मौन पाळते.

३. प्रश्न, उत्तर आणि मधला काळ

सिंक्लेअर व कूल्टहार्ड यांनी १९७५ मध्ये वर्गसंवादाची जी त्रिपदी मांडली ती सुपरिचित आहे : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर आणि त्यावर शिक्षकाचा अभिप्राय. या तिसऱ्या पदामुळे वर्गातील प्रश्न व्यवहारातील प्रश्नाहून वेगळा ठरतो. 'किती वाजले?' याचे उत्तर देणाऱ्यास रस्त्यावर कोणी 'शाबास' म्हणत नाही.

या त्रिपदीचा ताल अत्यंत सूक्ष्म असतो. दहा भाषांतील प्रश्नोत्तरांची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी त्या दहांत नव्हती. परंतु भाषाकुले भिन्न असूनही प्रश्न संपणे व उत्तर सुरू होणे यांतील अंतर सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, आढळले. आता आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस पाहावी. ध्वनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकास पोहोचण्यास १५० मिलिसेकंदांपर्यंत विलंब लागला तर सामान्य संभाषणास तो चालण्याजोगा मानला आहे. प्रश्न जाण्यास १५० व उत्तर येण्यास १५०, म्हणजे जाण्यायेण्यातच ३०० मिलिसेकंद जातात. विद्यार्थ्याने तत्परतेने उत्तर दिले तरी शिक्षकाच्या कानावर ते अर्ध्या सेकंदाने पडते. संपर्क चांगला असतानाची ही स्थिती आहे; तो क्षीण असेल तर विलंब आणखी वाढतो. तेवढ्यात शिक्षक पुन्हा बोलू लागतो, दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते, आणि दोघेही थांबतात.

येथे मेरी बड रो यांचे १९७४ मधील निरीक्षण स्मरणीय आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सामान्यतः एखादा सेकंदच थांबतो. तो तीन सेकंद थांबला तर उत्तरे लांब होतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. वर्गातील शांततेचे मोल यावरून कळते. परंतु वर्गातील शांतता डोळ्यांना दिसते; विचारात पडलेला मुलगा आणि खिडकीबाहेर पाहणारा मुलगा यांत फरक करता येतो. दूरस्थ तासातील शांततेस निदान पाच अर्थ संभवतात : मूल विचार करीत आहे, त्याला उत्तर येत नाही, त्याचा माईक बंद आहे, त्याचे नेट गेले आहे, किंवा ते तेथे नाहीच. पाचही अर्थांचे श्राव्य रूप एकच असते.

त्यामुळे शिक्षकाच्या बोलण्यात 'ऐकू येतंय का?', 'दिसतंय का?' या प्रश्नांची गर्दी होते. रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली त्यांत संपर्क चालू आहे की नाही हे पडताळण्याचे कार्य एक आहे. एरवी हे कार्य आडून चालते. येथे ते तासाच्या अग्रभागी येते. त्यात एक भाषिक अडचण दडलेली आहे. 'ऐकू येतंय का?' आणि 'कळलं का?' या दोन्ही प्रश्नांना मुलांचे उत्तर एकच असते : 'हो, बाई.' दोन्ही ठिकाणी अनुभव घेणारा चतुर्थीत असतो ('मला ऐकू येते', 'मला कळले'), म्हणजे दोन्ही गोष्टींचा साक्षीदार तो स्वतःच. आवाज पोहोचल्याची पावती अर्थ पोहोचल्याची पावती म्हणून घेतली जाण्याचा धोका येथे उद्भवतो.

४. दर्शक शब्द आणि संबोधन

फळ्यापाशी उभा असलेला शिक्षक 'ही बघा', 'इथे काय आले?' असे म्हणतो तेव्हा अर्थाचा अर्धा भार त्याच्या बोटावर असतो. मराठीत दर्शक सर्वनामास लिंग असल्याने थोडी मदत होते : भूमितीच्या आकृतीत 'हा' म्हटल्यास कोन किंवा बिंदू, 'ही' म्हटल्यास बाजू किंवा रेषा, 'हे' म्हटल्यास वर्तुळ, एवढी निवड शब्दच करून देतो. परंतु त्रिकोणाच्या तिन्ही बाजू 'ही'च असतात. लहान मोबाईलवर पाहणाऱ्यास पडद्यावरचा बाण धड दिसत नाही आणि केवळ आवाज ऐकणाऱ्यास तो मुळीच नसतो. अशा वेळी दर्शकाऐवजी नाम वापरणे भाग पडते : 'सर्वांत लांब बाजू', 'काटकोनासमोरची बाजू'. ही वाक्ये लांबतात हे खरे. परंतु ज्याला आकृती दिसत नाही त्यालाही ती पुरतात. दूरस्थ अध्यापनाने वर्गभाषेस दिलेला हा एक लाभ मानावा लागेल.

संबोधनाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. वर्गात एका मुलास 'तू' व सर्वांस 'तुम्ही' हा विभाग स्पष्ट असतो. दूरस्थ तासास घरातील वडील माणसेही कळत नकळत श्रोते होतात. 'फोन जरा जवळ घ्या' या वाक्यातील अध्याहृत 'तुम्ही' हे मुलांचे अनेकवचन की शेजारी बसलेल्या आईचे आदरार्थी संबोधन, हे रूपावरून ठरत नाही. श्रोता कोण हे निश्चित नसले की बोलणाऱ्याची भाषा सावध होते. रागावणे, थट्टा, एखाद्याची चूक सर्वांसमोर उलगडून दाखविणे, या वर्गात सहज घडणाऱ्या गोष्टी परक्या कानांसमोर अवघड वाटू लागतात. चुका उघडपणे चर्चिल्या गेल्या नाहीत तर त्रिपदीचे तिसरे पद केवळ 'बरोबर', 'छान' एवढ्यापुरते आकुंचित होते.

५. मननाचे स्थान

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती करताना होणारे मनन आणि कृतीनंतर होणारे मनन असा भेद केला. वर्गातील कुशल शिक्षक बहुतांशी पहिल्या प्रकारावर चालतो. चेहरे पाहून उदाहरण बदलतो, वेग कमी करतो. ही प्रमाणे हरपली की पहिले मनन दुबळे होते व त्याचा भार दुसऱ्यावर पडतो. टाचणवहीतील मागे पाहणाऱ्या ओळीस महत्त्व आले ते यामुळे.

भेद स्पष्ट व्हावा म्हणून दोन नमुने रचून पाहता येतील. पहिला : 'त्रैराशिक पूर्ण झाले. प्रतिसाद चांगला.' दुसरा : 'त्रैराशिकाचे तिसरे उदाहरण. चौघांनी उत्तर दिले, चौघेही नेहमीचेच. इतरांनी "हो" म्हटले ते ऐकू येण्याविषयी. दोघांचे नेट दोनदा गेले. उद्या प्रत्येकाकडून एक पायरी लिहून मागवावी.' पहिल्या नोंदीत निष्कर्ष आहे, पुरावा नाही. दुसरीत काय घडले, काय ठाऊक झाले नाही आणि पुढे काय करावयाचे, ही तिन्ही अंगे आहेत. तिच्यात 'त्याने माईक बंद केला' आणि 'माईक बंद झाला' या दोन रचनांतील फरकही जपता येतो. 'करणे'ने मुलावर दायित्व येते. 'होणे'ने ते येत नाही. पुराव्यावाचून पहिली रचना वापरणे हा मुलावर अन्याय ठरेल.

तोच न्याय 'गैरहजर' या शब्दासही लागू होतो. असर या सर्वेक्षणानुसार, ग्रामीण भारतातील शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी खरी, परंतु दहांपैकी जवळजवळ चार मुलांच्या घरी ते साधन नव्हतेच; आणि घरात फोन असणे म्हणजे तासाच्या वेळी तो मुलाच्या हाती असणे नव्हे. शहरातही एका फोनवर दोन भावंडांचे तास येत. हजेरीपटावरील एकाच खुणेखाली न आलेला आणि येऊ न शकलेला असे दोघेही नोंदले जातात. ही खूण उलगडण्याचे काम टाचणातील ओळच करू शकते.

वर्ग पुन्हा भरू लागल्यावर चेहरे दिसू लागले आणि ही ओळ पुन्हा आखडण्याचा संभव निर्माण झाला. म्हणून त्या दोन वर्षांतील टाचणवह्या रद्दीत जाण्यापूर्वी, मुलांची व शिक्षकांची नावे वगळून, शिक्षकांच्या संमतीने त्यांचा संग्रह होणे इष्ट आहे. मराठी वर्गसंवादातील विरामांचे मापन, दर्शक शब्दांचा वापर, 'हो' या उत्तराचे अर्थभेद, हे विषय पदव्युत्तर प्रबंधिकांस योग्य आहेत, आणि त्यांची सामग्री पुण्यातील शाळांच्या कपाटांत अद्याप सापडण्याची शक्यता आहे. अध्यापकास यातून घेण्याजोगी गोष्ट लहान पण रोजच्या उपयोगाची आहे : दिवसाच्या नोंदीत 'शिकवले' हे क्रियापद लिहिल्यावर, 'शिकले' हे कोणाविषयी व कशावरून लिहिता येईल, एवढे तिच्याखाली नोंदवावे.