चेहरा पाहून नोकरी

वर्तमानपत्रातल्या 'पाहिजेत'च्या छोट्या जाहिराती आमच्या महाळुंगे पडवळची मुलेमुलीही वाचतात. पुण्यात दुकानात, हॉटेलात जागा निघते. शिक्षण, अनुभव लिहिलेला असतो आणि शेवटी एक शब्द, 'प्रेझेंटेबल'. बारावीचे मार्क वाढवता येतात; या विषयाचा अभ्यास कुठे करायचा?

मालकाचीही बाजू आहे. गिऱ्हाईक समोर येणार, तर धुतलेले कपडे, विंचरलेले केस, अदबीचे बोलणे त्याने जरूर मागावे. ते शिकता येते. कातडीचा रंग, उंची, चेहऱ्यावरचा डाग मात्र कुठून बदलणार?

आपल्या भाषेने तर एका नोकरीचे नावच 'हवाई सुंदरी' ठेवले. दवाखान्यात सेवा करणारी ती परिचारिका, विमानात करणारी मात्र सुंदरी! एअर इंडियात तिची निवृत्ती 35 व्या वर्षी होती. पुढची मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. पहिल्या गरोदरपणीच नोकरी जाई. 1981 साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट आणि ती मर्जी, दोन्ही रद्द केल्या. प्रवाशांच्या आवडीसाठी तरुणींना शोभेच्या वस्तू म्हणून नेमणे चूक आहे, अनुभवी बाई प्रवाशांची काळजी अधिक चांगली घेते, असेही सुनावले. पहिली चार वर्षे लग्न न करण्याची अट मात्र कायम राहिली.

पुढे फेअर अँड लव्हलीच्या जाहिरातीत गोरी झालेल्या मुलीला विमानातली नोकरी मिळू लागली. जनवादी महिला संघटनेने तक्रार केली आणि 2003 मध्ये ती जाहिरात बंद झाली. क्रीमचे नाव बदलायला 2020 उजाडले.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचे 16 वे कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करू देत नाही. रूपाचा उल्लेख त्यात नाही आणि खासगी दुकानदार त्या कलमाबाहेर आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिड हल्ल्यात विद्रूप झालेल्यांना दिव्यांगांत धरले, हे मोठेच पाऊल.

बाकी सारे मालकाच्या नजरेवर. त्या नजरेला एकच कसोटी लावावी : या अटीवाचून काम अडते का? अग्निशमन दलात उंची मोजतात, कारण तिथे शिडी चढायची असते. साडीच्या दुकानात कापडाची पारख आणि हिशेब यायला हवा. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते ते चोख मापासाठी.