घरातली सायकल निवडताना



आमच्या श्रीरामपूर भागात पाळीवर सायकलने जाणारे आता थोडेच उरले. मोटारसायकल आली, चालणे सुटले आणि मधुमेह घराघरात शिरला. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून पहाटे सायकल काढणे जिवावरचे. म्हणून घरातच पायडल मारण्याचे यंत्र घ्यावे, असे पुष्कळांना वाटते. विचार योग्य आहे. मात्र पैसा घामाचा आहे, तेव्हा निवड डोळसपणे व्हावी.

घरी गिअरची सायकल असेल, तर मागचे चाक धरून ठेवणारा व त्याला रोध देणारा ट्रेनर पुरतो. ती नसेल, तर स्थिर सायकल घ्यावी. तीन रुळांवर तोल सांभाळीत चालवायचे साधन शर्यतवाल्यांसाठी आहे; नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

मग रोध कशाचा, ते विचारावे. नमद्याची पट्टी चाकावर घासते. ती स्वस्त, पण झिजते. लोहचुंबकाच्या यंत्रात काहीच घासत नाही. चुंबकाजवळून फिरणाऱ्या धातूत विजेचे प्रवाह उत्पन्न होतात व तेच गतीला अडवतात. जुन्या वीजमीटरची चकती याच तत्त्वाने आवरली जाई. हे यंत्र आवाज कमी करते, आणि चाळीत शेजारी रात्रपाळी करून झोपलेला असतो, हे विसरू नये.

सर्वांत महत्त्वाची बैठक. पायडल अगदी खाली असता टाच त्यावर ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्याला किंचित बाक राहतो. बैठक फार खाली असली, तर गुडघ्यावर नको तो भार येतो. जड चाकाच्या काही यंत्रांत पाय थांबवले तरी पायडल फिरतच राहते. तेथे ब्रेक हाताशी हवा आणि मुले दूर हवीत.

आकडे दाखवणारा पडदा शेवटी पाहावा. अमेरिका आडवी ओलांडण्याची सायकल शर्यत 2015 साली नाशिकच्या महाजन बंधूंनी जोडीने पुरी केली. 2017 साली नाशिकचे श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पुरी केली. अशा तयारीला वॅट मोजणारे महाग यंत्र शोभते. आपणांस जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची किमान 150 मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, साधावयाची आहेत. छातीचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. घरात वारा लागत नाही, म्हणून समोर पंखा ठेवावा.

यंत्र माणसाच्या मापाचे असावे, असे आम्ही कारखान्याच्या दारात सांगत आलो. दुकानातही तेच सांगावे, आणि स्वतः बसून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत.